फ्रँचायझी हॉटेल काढताय? आधी किल्ली कुणाकुणाकडं राहणार ते मोजा

राजारामपुरीत गाळा बघून झालेला असतो, डिपॉझिट गेलेलं असतं, इंटिरियरवाल्यानं मोबाईलवर थ्रीडी चित्रं पाठवलेली असतात, आणि मग पाहुण्यांच्या ओळखीतनं मला फोन येतो, "दादा, जरा एक चांगला मॅनेजर बघा की." मी विचारतो, एकच का? मग पलीकडं शांतता. मग उत्तर येतं की बाकी मी हाय की, गल्ल्यावर बसायला.

मी स्वतः सहा वर्षं एका ब्रँडचं आउटलेट चालवतोय, ब्रँड कुठला ते सोडा, आणि पहिल्या वर्षी मीबी हेच म्हणत होतो. आपल्या कोल्हापुरात हॉटेल म्हणजे मालक गल्ल्यावर, भाऊ किचनला, आई मसाला करणार, असं बघतच आपण मोठं झालोय, मिसळीचं हॉटेल असो नाहीतर खानावळ. तिथं ते चालतं कारण नियम मालकाचेच असतात. फ्रँचायझीत नियम दुसऱ्याचे, पैसा तुमचा, आणि तुम्ही नसताना ते नियम पाळून घेणारं माणूस दुकानात असलंच पाहिजे, ही पहिली गोष्ट डोक्यात बसवा. म्हणून क्रमानं सांगतो, नवीन माणसानं कुठनं सुरुवात करायची.

१. तुम्हाला मॅनेजर ठेवायचाच आहे का, हे बघा

फ्रँचायझीचे दोन प्रकार कानावर येतील. फोफो म्हणजे दुकान तुमचं आणि चालवायचंबी तुम्ही. फोको म्हणजे पैसा तुमचा पण माणसं कंपनीची, कंपनी चालवणार. फोकोमध्ये मॅनेजरचा ताप तुमच्याकडं नाही, पण त्याचा पगार कुठल्या खात्यातनं जातोय आणि तो सोडून गेला तर तोटा कुणाचा हे मात्र विचारून घ्या. हा लेख फोफोवाल्यांसाठी.

आणि जाता जाता एक. मॅकडोनाल्ड्स आपल्या पश्चिम आणि दक्षिण भारतात वेस्टलाईफ चालवते, डॉमिनोज ज्युबिलंट फूडवर्क्स चालवते, ह्या कंपन्या एकेक दुकान सुट्या माणसाला देत बसत नाहीत. तेव्हा कुणी फोनवर 'रजिस्ट्रेशन फी भरा, कोल्हापूरची डीलरशिप पक्की' म्हणाला तर फोन ठेवा. असल्या बोगस साईटवर लोकांचे पैसे गेलेत.

२. करारात मॅनेजरबद्दल काय लिहिलंय ते शोधा

लोक रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतनं कंपनीला द्यायचा टक्का वाचतात, टेरिटरी म्हणजे आपल्याला मिळालेला भाग वाचतात आणि सही करतात. मॅनेजमेंटचं कलम बहुतेक मागं कुठंतरी असतं आणि तेच पुढं सगळ्यात जास्त छळतं.

अमेरिकेत ह्यासाठी सरकारी नियम आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानं कंपनीला सही व्हायच्या आणि पैसे घ्यायच्या निदान १४ दिवस आधी एक माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात २३ मुद्दे असतात, आणि त्यातला १५ नंबरचा मुद्दा फक्त ह्याच्यावर आहे की मालकानं स्वतः रोज दुकानात राबायचं का, मॅनेजर ठेवला तर चालतं का, त्या मॅनेजरनं कंपनीचं ट्रेनिंग घेतलेलं पाहिजे का, आणि त्याची धंद्यात भागीदारी पाहिजे का. आपल्याकडं फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर. म्हणजे तुम्ही विचारलं नाही तर कुणी आपणहून सांगणार नाही. म्हणून तो १५ नंबरचा मुद्दाच आपण प्रश्न म्हणून घेऊन जायचा.

विचारायचं काय, तर मालक पूर्णवेळ पाहिजे का, आणि पाहिजे असेल तर माझा दुसरा धंदा चालतो का (गोकुळ शिरगावला फौंड्री असणारे आणि गुळाचा व्यापार असणारे लई लोक ह्यात अडकतात). कंपनीनं पास केलेले मॅनेजर किती पाहिजेत, एक का प्रत्येक शिफ्टला एक. मॅनेजर सोडून गेला तर नवीन किती दिवसात उभा करायचा आणि तोपर्यंत काय. ट्रेनिंग कुठं, किती आठवडे, आणि त्या काळातला पगार, राहणं, प्रवास कुणाच्या खिशातनं. हे सगळं ईमेलवर विचारा आणि उत्तरबी ईमेलवरच घ्या. सेल्सचा माणूस चहा पिताना 'होतंय ओ साहेब, बघू' म्हणतो त्याला काही अर्थ नाही, सहा महिन्यांनी तो माणूसच त्या कंपनीत नसतो.

३. मॅनेजर किती, हे तासांवर काढा

हा भाग नीट वाचा, बाकी लेख विसरला तरी चालेल.

लोक दुकानाच्या साईजवर मॅनेजर मोजतात, छोटं दुकान म्हणजे एक मॅनेजर. तसं नसतंय. दुकान किती तास उघडं आहे त्याच्यावर ते असतं. समजा वेळ सकाळी ११ ते रात्री ११. पण उघडायचं म्हणजे साडेनऊला कुणीतरी शटर वर करणार, माल उतरवून घेणार, फ्रीजचं टेंपरेचर लिहिणार, तयारी करून घेणार. आणि बंद करायचं म्हणजे ११ नंतर साफसफाई, गल्ला मोजणं, स्टॉक, कुलूप, बारा वाजतातच. म्हणजे दिवसाचे साडेचौदा तास. गुणिले सात, आठवड्याचे १०१ तास आणि वर अर्धा तास. ह्या सगळ्या वेळात दुकानात एक जबाबदार, ट्रेनिंग झालेलं माणूस पाहिजे.

आता एक माणूस आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास धरला तर ४८ तास देतो. दोघं ९६. साडेपाच तास उघडे राहिले, आणि दोघांची गाठ पडायला वेळच नाही, म्हणजे हँडओव्हर, एकानं दुसऱ्याकडं शिफ्ट सोपवणं, चिठ्ठीवर. त्यात एक जण आजारी पडला की संपलं. तिघं ठेवले तर १४४ तास होतात, म्हणजे साडेबेचाळीस तास जादा, दिवसाला साधारण सहा तास असे मिळतात की दोन जबाबदार माणसं एकावेळी दुकानात आहेत. ते तुम्ही जेवणाच्या आणि रात्रीच्या गर्दीला लावता. आणि तिघातला एक रजेवर गेला तर कमी पडतात फक्त साडेपाच तास, तेवढे मालकानं भरायचे, ते जमतंय.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, रात्री ११ पर्यंत चालणाऱ्या दुकानाला किल्लीवाली, म्हणजे दुकान उघडून-बंद करून जबाबदारी घेणारी, तीन माणसं पाहिजेत आणि चौथं तयारीत. मालक ह्या तिघात धरायचा का? धरा, पण मग खरंच तुमचं नाव रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, येऊ दे, 'मी येतो-जातो असतो' हे तास नव्हेत. दुकान संध्याकाळचं फक्त असेल, पाच ते अकरा, तर आकडा बदलेल, तुमच्या वेळेचा तुम्ही गुणाकार करा.

माझ्या पहिल्या वर्षाचं सांगतो. एकच मॅनेजर होता, पोरगं हुशार, आणि बाकी मी. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावचे लोक लोटलेले, अष्टमीला ह्याच्या बहिणीकडं अचानक काहीतरी झालं, तो गेला, आणि मी नेमका बेळगावला. मेव्हण्याला बसवला काउंटरला. मेव्हणा माणूस लाखात एक पण त्याला तेल कधी गाळायचं ते माहीत नाही, उघडलेल्या पाकिटावर तारीख लिहायची असते ते माहीत नाही, आणि कंपनीचा ऑडिटवाला त्याच दिवशी आला. मार्क किती पडले ते सांगत नाही. त्यात कंपनीची चूक काहीच नव्हती, मेव्हण्याची तर नव्हतीच.

४. तिघांची कामं वेगळी ठेवा

स्टोर मॅनेजर एक. त्याच्याकडं माणसं, रोस्टर, ऑर्डर, महिन्याचा हिशोब, कंपनीशी बोलणं. असिस्टंट मॅनेजर एक, त्याच्याकडं स्टॉक आणि किचन. तिसरा शिफ्ट लीडर, हा शक्यतो तुमच्याच क्रूमधनं, म्हणजे दुकानातल्या पोरांमधनं, वर आलेला घ्या, त्याच्याकडं शिफ्ट आणि गल्ला. नावं ब्रँडप्रमाणं बदलतील. एक पाळा, माल मागवणारा आणि माल मोजणारा एकच माणूस ठेवू नका. चोर असतो म्हणून नाही, चूक कुणाला दिसतच नाही म्हणून.

५. माणूस कुठनं आणायचा

ह्याला शॉर्टकट नाही. जाहिरात टाकली की पन्नास बायोडाटा येतात, त्यातले चाळीस पुण्याला चाललेले असतात आणि मधे दोन महिने काहीतरी पाहिजे म्हणून अर्ज टाकतात. आपल्याकडची ही खरी अडचण आहे, हॉटेल मॅनेजमेंट केलेलं चांगलं पोरगं पुणे, गोवा, जहाजावर जातंय. ते थांबणार नाही हे धरूनच चाला.

मला जी माणसं टिकली ती तीन ठिकाणांहून मिळाली. एक म्हणजे बाहेर चार-पाच वर्षं काढून घरच्यासाठी परत आलेले, आई-वडील थकलेत, शेती आहे, कागल नाहीतर पन्हाळ्याकडनं गाडीवर रोज ये-जा करू शकतात, ह्यांना पगार पुण्यापेक्षा कमी चालतो पण सुट्टी ठरलेली पाहिजे आणि मान पाहिजे. दोन, कपड्याच्या नाहीतर मोबाईलच्या मोठ्या शोरूममधली सुपरवायझर पोरं-पोरी, त्यांना गिऱ्हाईक आणि कॅश दोन्ही कळतं, जेवणाचं शिकवता येतं. तीन, आपलीच क्रूतली पोरं, विद्यापीठात शिकत पार्टटाईम करणारी. ह्यातली एखादी पोरगी अशी निघते की दोन वर्षांत दुकान पेलते.

तयार आचाऱ्याला मॅनेजर करायचा मोह होतो, करू नका. वस्ताद माणूस स्वतःच्या हातावर चालतो, त्याला कंपनीच्या ग्रॅममध्ये मोजून टाकायला सांगितलं की त्याचा अपमान होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबरच आहे.

मुलाखतीत गोड सगळेच बोलतात. मी शनिवारी संध्याकाळी एक शिफ्ट करायला बोलवतो, त्या शिफ्टचे पैसे देतो, आणि तीन गोष्टी बघतो. गर्दीत आवाज चढतो का. रिकामा झाल्यावर फडकं उचलतो का मोबाईल. आणि शेवटी गल्ला मोजायला देतो, आधीच पन्नास रुपये जादा ठेवून. पन्नास जादा आहेत हे येऊन सांगतो का नाही, एवढंच. आधीच्या मालकाला फोन करायचाच, आणि 'कसा आहे' असं विचारायचं नाही, 'परत आला तर घ्याल का' असं विचारायचं.

उचल देताना सांभाळा. मोठी उचल दिली की माणूस बांधला जातो असं वाटतं, होतं उलटं, फेडायची वेळ आली की तो दुसरीकडं मोठी उचल घेऊन जातो. ओरिजनल मार्कलिस्ट, सर्टिफिकेट ठेवून घ्यायची तर मुळीच नाहीत. आणि 'सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या हॉटेलात जाणार नाही' असं लिहून घेऊन काही उपयोग नाही, करार कायद्याच्या २७ व्या कलमात असल्या बंधनाला आधार नाही. नोकरी सोडायच्या आधी महिनाभराची नोटीस, एवढं नेमणूकपत्रात नीट लिहा.

६. ट्रेनिंगचं कॅलेंडर उद्घाटनाच्या मागनं मोजा

उद्घाटनाची तारीख धरा, दसरा नाहीतर पाडवा असणारच, आणि तिथनं मागं या. कंपनीचं ट्रेनिंग किती आठवडे ते मागं, नोटीस पिरियडचा एक महिना त्याच्या मागं, शोधायला एक महिना त्याच्याबी मागं. म्हणजे स्टोर मॅनेजरचा शोध निदान तीन महिने आधी सुरू झाला पाहिजे, जेव्हा दुकानात अजून फरशीसुद्धा बसलेली नसते. लोकांना वाटतं फुकट पगार जातोय. नाही जात. तोच माणूस लाईटचे पॉईंट कुठं पाहिजेत, हात धुवायचं बेसिन कुठं पाहिजे हे सांगतो, इंटिरियरवाल्याला ते कळत नाही.

ट्रेनिंगला एकाला पाठवू नका, दोघांना पाठवा. एकटा गेला आणि परत येऊन पंधरा दिवसात सोडला तर उद्घाटन तुमच्या अंगावर.

७. सरकारी कागद

थोडक्यात सांगतो, कामगार सल्लागार एक धरूनच ठेवा.

अन्नपदार्थ हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागं एक माणूस एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याच्या, फॉस्टॅक नावाच्या ट्रेनिंगमधला फूड सेफ्टी सुपरवायझर लागतो. कागदावर एक पुरतो, पण तिन्ही किल्लीवाल्यांना करून घ्या, कारण इन्स्पेक्टर तो एक माणूस हजर असतानाच येईल असं नाही. सगळ्या स्टाफची वर्षातनं एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस, त्याची फाईल दुकानात पाहिजे, घरी कपाटात नव्हे.

सहा दिवसांनंतर एक दिवस पगारी सुट्टी, आणि जादा कामाला दुप्पट दरानं पैसे, हे दुकान कायद्यात आहे. रात्री साडेनऊनंतर बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी सोडायची सोय पाहिजे. मॅनेजर मुलगी असेल आणि क्लोजिंग तिच्याकडं असेल तर गाडीचा खर्च पहिल्या दिवसापासनं धरा. दहा किंवा जास्त माणसं झाली की २०१३ च्या कायद्याप्रमाणं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, तिची अध्यक्ष महिलाच.

पैशाचं गणित बघा. मॅनेजरला २०,००० पगार ठरला, त्यात बेसिक १५,०००. पीएफ २० माणसांपासनं लागू होतो, मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८००, वर एक टक्का बाकीचे चार्जेस १५०. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना, मालकाचे सव्वातीन टक्के, ६५०. झाले २२,६००, अजून दिवाळी बोनस, युनिफॉर्म, जेवण धरलंच नाही. बिझनेस प्लॅनमध्ये तीन मॅनेजरचे साठ हजार लिहिणारे लई बघितलेत, ते पासष्ट-सत्तरच्या पुढं जातं.

८. कोल्हापूरचं रोस्टर

कंपनी तुम्हाला रोस्टरचा नमुना देते, तो मुंबईच्या मॉलमध्ये बसून केलेला असतो. आपलं गाव वेगळं आहे.

रविवारी दुपारी कोल्हापूर मटणावर असतं, तांबडा-पांढरा सोडून कोण तुमचा बर्गर खायला येणार नाही, पण संध्याकाळी रंकाळ्यावरनं फिरून लोक घरात स्वयंपाक नको म्हणून येतात आणि तेव्हा उभं राहायला जागा नसते. म्हणून रविवारी ओपनिंगला एकटा, संध्याकाळी तिघं. मॅनेजरच्या सुट्ट्या सोम, मंगळ, बुध अशा एकेक वाटल्या की गुरुवार ते रविवार तिघंही असतात. मंदिराच्या बाजूला, महाद्वार रोडला वगैरे दुकान असेल तर मंगळवार-शुक्रवारबी गर्दीचा, मग सुट्ट्या त्याप्रमाणं हलवा.

नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती विसर्जन, डिसेंबरच्या शाळांच्या सहली, ह्या दिवसांच्या रजा दोन महिने आधी बोलून ठेवायच्या. विसर्जनाला तर तुमचा निम्मा स्टाफ मंडळाचा कार्यकर्ता असतो, त्याला नको म्हणून उपयोग नाही, तो जाणारच. त्यापेक्षा आधीच ठरवा कोण मिरवणुकीत आणि कोण दुकानात, पुढच्या वर्षी उलटं. श्रावणात चिकनचा ब्रँड असेल तर सेल पडतो, मॅनेजरच्या मोठ्या रजा आणि नवीन शिफ्ट लीडरचं ट्रेनिंग तेव्हा काढा.

आणि पूर. हे कंपनीच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडीकडची माणसं अडकली, गाव तिकडं आणि दुकान इकडं. तेव्हापासनं माझा नियम आहे, तीन किल्लीवाल्यांपैकी निदान एक शहरातच राहणारा, नदीच्या अलीकडचा. ३९ फूट आलं की लांबच्या गावच्या पोरांना आम्ही घरी पाठवतो, त्यांच्या घरीबी सामान वर चढवायचं असतं, आणि शहरातले दोघं शिफ्ट वाटून घेतात.

९. किल्ली आणि गल्ला

शेवटचं, पण पहिल्या दिवसापासनं लागणारं. किल्लीचे तीन संच, प्रत्येकावर नाव, चौथा सीलबंद पाकिटात तुमच्या घरी. तिजोरीचा नंबर मॅनेजर बदलला की त्याच दिवशी बदलायचा, त्याच्यावर विश्वास आहे का नाही हा प्रश्नच नाही. पीओएसला, म्हणजे बिलाच्या मशीनला, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, बिल रद्द करायचा अधिकार फक्त तिघांना, आणि रद्द बिलांची यादी रोज रात्री तुमच्या मोबाईलवर.

हँडओव्हरची एक शंभर पानी वही घ्या. त्यात चारच ओळी, गल्ल्यात किती, काय संपत आलंय, कुठलं मशीन नाटक करतंय, कुणाची तक्रार आली. जाणारा आणि येणारा दोघांची सही. ॲपवर करून बघितलं, कोण भरत नाही, वही भरतात. रोज सकाळी दुकानात गेल्यावर मी आधी चहा सांगतो आणि ती वही उघडतो, परवा त्यात लिहिलेलं होतं, 'फ्रायर बरा आहे, एसी बरा आहे, आज मालक नव्हते, सेल चांगला झाला.'